नळी आपल्यापर्यंत आली तर

प्रश्न : आम्ही शारजाला असतो. चवथीला फोंड्याला घरी गेलो होतो, तेव्हा सतरा वर्षांचा मुलगा चुलतभावांबरोबर कळंगुटला हुक्का ओढून आला. सासूबाई म्हणतात, "ही तुमच्या आखाताची थेरं." मुलगा म्हणतो, "बाबा नाही का ऑफिसातल्यांबरोबर शिशा (अरबी हुक्का) ओढत?" मी काय बोलू?

उत्तर : सासूबाईंचा राग रास्त आहे, पण आखाताला उगाच बोल लागला. तंबाखू हिंदुस्थानात आणली पोर्तुगीजांनी, तीही आपल्याच किनाऱ्यावर. तिथून ती विजापूरला गेली. १६०४च्या सुमारास बादशहाचा दूत असद बेगने तिथूनच ती अकबराच्या दरबारात नेली. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले आणि हकीम आडवा आला! त्यामुळे 'आपल्यात हे नव्हतंच' असं मुलाला सांगू नका. शेजारच्या बिदरचे नक्षीदार हुक्के म्युझियममध्ये मांडलेले आहेत, तो फोनवर लगेच शोधून दाखवेल.

आता मुलाच्या बाबांचं. अरब मित्रांच्या बैठकीत शिशा म्हणजे तासभर निवांत गप्पा. नळी पुढे करताना तिचं तोंड समोरच्याकडे रोखायचं नाही, असे तिथले रिवाजही आहेत. ते पाळणारा यजमान पाहुण्याचा नकार समजून घेतो. छातीवर हात ठेवून हसत 'नको' म्हणायचं आणि चहा मागवायचा. बैठक मोडत नाही. हे आधी बाबांनी करावं. नाहीतर मुलापुढे तुमचं काही चालायचं नाही.

मुलाशी खरं बोलायचं ते कोळशाबद्दल. पाण्यातून आला म्हणून धूर धुतला जात नाही, फक्त गार होतो. म्हणून तो खोल ओढला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे तासाभराच्या एका बैठकीत एका सिगारेटच्या शंभर ते दोनशे पट धूर आत जाऊ शकतो. वर निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे विषारी वायू. 'हर्बल आहे, निकोटीन नाही' म्हणून विकतात, त्यातही कोळसा जळतोच. आणि एकच नळी दहा तोंडांत फिरली तर सर्दीपासून क्षयापर्यंत काहीही पसरू शकतं.

कायदाही सांगून ठेवा. अठराखालच्या मुलाला तंबाखू विकणं भारतात गुन्हा आहे. शेजारच्या महाराष्ट्रात तर २०१८पासून तंबाखूच्या हुक्का पार्लरवरच बंदी आहे. तेव्हा कळंगुटला सतराव्या वर्षी त्याला नळी कुणी दिली, हे त्या चुलतभावांनाही विचारा. सगळा ठपका एकट्या तुमच्या लेकावर नको.