हाक जॉबरची, नोकरी वॉचमनची

दादा,

उमेदीची सगळी वर्षं तुम्ही सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे, होता. कारखाना बंद पडला आणि आता होटगी रोडच्या एका अपार्टमेंटमध्ये वॉचमन आहात. घरातून साध्या कपड्यांत निघता, पिशवीत डब्याखाली युनिफॉर्म, तो पंपाच्या खोलीत चढवता. मुलीच्या सासरी अजून कळवलेलं नाही. ‘ताई, गल्लीत कुणी जॉबर म्हणून हाक मारली की चोरी पकडल्यासारखं होतं. मग मी नक्की कोण?’ असं विचारलंय तुम्ही.

तुमचं जॉबरपण हातात होतं तसंच लोकांच्या तोंडीही होतं. नुसत्या आवाजावरून मागाचं दुखणं ओळखणारा माणूस म्हणून कामगार तुमच्याकडे धावत यायचे, आणि त्यातूनच तुम्हाला स्वतःची किंमत कळत गेली. ते सुटल्यावर आपणच उरलो नाही असं वाटतं, यात दुबळेपणा काही नाही. चार्ल्स कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच हे मांडलं: दुसऱ्याला आपण कसे दिसतो याची माणूस कल्पना करतो, त्याचं मत काय झालं असेल तेही मनानंच ठरवतो, आणि त्यावरून त्याला अभिमान किंवा लाज वाटते.

यातली मधली पायरी, म्हणजे दुसऱ्याचं मत मनानंच ठरवणं, तुमच्याच पत्रात तपासा. तुम्हाला हिणवणारं दुसऱ्या कुणाचं एकही वाक्य त्यात नाही. कपडे बदलायच्या आधी गेटवर भेटलेला जुना कामगार काय म्हणाला? ‘जॉबर, तुम्ही इथं कसं काय?’ एवढंच. ‘पाहुण्यांकडं आलोय’ हे तुमचं उत्तर. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी मिल बंद पडून किती काळ लोटला, तरी आपण पत्ता ‘जुनी मिल कंपाउंड’ असाच सांगतो ना? गल्लीतली हाकही तशीच आहे. तिच्यात आजच्या नोकरीची चौकशी नाही, आणि ओ देण्यात चोरी नाही.

काही जण कमी लेखतीलही. बिल्डिंगमधलं एखादं पोरगं ‘ए वॉचमन’ म्हणेल, आणि ते लागेल. त्याला ‘काका म्हण’ असं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तुम्हाला खरं खातंय ते लपवणं. व्याह्यांकडे स्वतः जा. ‘कारखाना बंद झाला, मी आता वॉचमनची नोकरी करतो,’ इतकंच सांगा. कारणांची रांग लावू नका, माफीचा सूर तर नकोच. पण त्याआधी मुलीला फोन करा. तिला हे सासरच्यांकडून कळलं, तर नोकरीपेक्षा तेच जास्त लागेल.