समोरच्याने भाव पाडला, आपणही पाडायचा का?

तुमचा प्रश्न असा की स्पर्धकाने भाव दहा टक्के उतरवलाय, आपणही उतरवावा का आणि यात गेम थिअरीचा, म्हणजे समोरचा काय करेल हे धरून आपली चाल ठरवण्याच्या गणिताचा, काही उपयोग होतो का. होतो. पण आधी साधा हिशोब.

विक्रीची किंमत 100 आणि खर्च 70 धरा. नगामागे 30 सुटतात. भाव 90 केलात की 20 उरतात. आधीइतकाच नफा हवा तर विक्री दीडपट व्हायला हवी. समोरचाही 90 वरच असेल तर नवं गिऱ्हाईक कशाला येईल? विक्री जवळपास तेवढीच राहते, नफा एकतृतीयांशाने घटतो. एकट्याने पाडला तर फायदा दिसतो, दोघांनी पाडला तर दोघांचंही नुकसान: 1950 मध्ये मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर या गणितज्ञांनी मांडलेला पेच तो हाच. गणितज्ञ अल्बर्ट टकर यांनी त्याला एकमेकांविरुद्ध कबुली द्यायची की गप्प राहायचं अशा पेचातल्या दोन कैद्यांची गोष्ट जोडली, म्हणून ‘कैद्यांचा पेच’ हे नाव पडलं.

आता कागदावर चार चौकोन काढा: दोघांनी भाव टिकवला, दोघांनी पाडला, फक्त तुम्ही पाडला, फक्त त्याने पाडला. प्रत्येकात दोघांचा नफा लिहा. इथेच बहुतेकांची गाडी घसरते, माझीही घसरली होती. समोरच्याच्या रकान्यात मी माझेच आकडे भरले. त्याचा खर्च आपल्याएवढाच आणि त्याला आपलं गिऱ्हाईक ओढायचंय, असं धरून आम्हीही भाव उतरवला. प्रत्यक्षात तो जुना माल काढत होता. दोन महिन्यांत त्याचा साठा संपला, त्याने भाव पूर्ववत केला. आमचं गिऱ्हाईक मात्र कमी भावाला सरावलं होतं. परत वर जायला आम्हाला वर्ष लागलं.

दुसरं म्हणजे, हा डाव एकदाच खेळायचा नाही. 1980 च्या सुमारास राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी हाच पेच पुन्हा पुन्हा खेळणाऱ्या संगणकी प्रोग्रॅमची स्पर्धा घेतली. पहिल्या फेरीत 14 प्रवेशिका होत्या, दुसरीत 62. दोन्हीत जिंकली अनातोल रॅपोपोर्ट यांची ‘जशास तसे’: सुरुवात सहकार्याने, नंतर समोरच्याने मागच्या खेपेला जे केलं तेच. फक्त समोरच्याची चाल चुकीची वाचली तर हीच रीत न संपणारी सूडाची साखळी होते. आमचं तेच झालं असतं, साठा संपला म्हणून वाचलो.

‘इतरत्र स्वस्त मिळालं तर फरक परत’ ही पाटी गिऱ्हाइकासाठी असते असं वाटतं ना? ती स्पर्धकही वाचतो. भाव पाडून माझं गिऱ्हाईक मिळणार नाही, हे त्याला न बोलता कळतं. फोन करून ‘दोघंही भाव धरून ठेवू’ असं मात्र चुकूनही ठरवू नका, बहुतेक देशांत तो गुन्हा किंवा जबर दंडाचा मामला आहे.

तेव्हा त्याने सगळ्याच मालाचा भाव उतरवलाय की ठरावीक मॉडेलचाच, आणि नवा माल येतोय का, एवढं बघून इथे लिहा. चौकोन मग एकत्र भरू.