दांडा, साम, पाचर : सुतारी हत्यारांची प्रश्नोत्तरे

मृग जवळ आला की वखर-डवरे दुरुस्तीला निघतात, आणि हत्यारांचे प्रश्नही. या वेळी चार घेतले आहेत.

प्रश्न : काका, आमच्या वाकसाचा (लाकूड तासायचं हत्यार) दांडा दर उन्हाळ्यात ढिला होते. बाबा रातभर बादलीत बुडवून ठेवतात, सकाळी घट्ट. हे बरोबर हाय का? (दारव्हा तालुका)

बाबांचा उपाय आठवडाभराचा आहे. पाण्यानं लाकूड फुगतं, पण लोखंडाचं नेढं, म्हणजे दांडा बसतो ते भोक, जागा देत नाही. मग फुगलेले तंतू आतल्या आत चेपतात आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा बारीक होतो. म्हणजे दर भिजवणीला तो थोडा थोडा संपतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. अशा हवेत लाकूड आटणारच.

दांडा काढा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. नेढ्यात जाणाऱ्या टोकाला करवतीनं उभी चीर घ्या. ती नेढ्याच्या लांबट बाजूनं हवी, आणि खोली नेढ्याच्या दोन-तृतीयांश पुरे. दांडा बसवून त्या चिरेत वाळलेल्या कठीण लाकडाची पाचर ठोका. पाचर ओली असेल तर सगळी मेहनत वाया. मग वरच्या उघड्या टोकाला जवसाचं तेल जिरेल तेवढं पाजा. लाकूड ओल घेतं आणि सोडतं ते सगळ्यात जास्त टोकांतूनच. तेलाचं फडकं मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकं आपोआप पेटू शकतं. ते दोरीवर पसरून वाळवा.

नवा दांडा करायचा तर धावडा, तिवस, नाहीतर बाभूळ घ्या. पुष्कळ जण घरी पडलेल्या सागाचा करतात. आलापल्लीच्या सागाचं नाव मोठं, चौकटीला त्याला तोड नाही, पण वाकसाला दणका सोसणारं चिवट लाकूड लागतं. रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जायला हव्यात. तिरप्या निघून बाजूला फुटत असतील तर तो तुकडा चुलीत घाला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण वाकसाचं पातं सुटून उडालं तर समोर बसलेल्याला काळ होतं.

प्रश्न : मी आयटीआयला आहे. लोखंडी रंध्याचे भाग पाठ आहेत, पण छिलके दोन पात्यांच्या मधे अडकतात. पितळी चाक फिरवलं तरी फरक नाही. (चिखलदरा)

चाकाचा इथे संबंध नाही. ते पातं फक्त खाली-वर करतं. दोष कॅप आयर्नमध्ये आहे. या वरच्या पात्याची पुढची कड खालच्या पात्याला सलग टेकली पाहिजे. दोन्ही जोडून उजेडासमोर धरा. मधून उजेडाची रेघ दिसली की छिलका तिथेच घुसणार. कड तेलदगडावर घासून सपाट करा आणि घासताना मागचं टोक दगडाच्या पातळीच्या जरा खाली ठेवा, म्हणजे पुढचीच कड टेकेल. बारीक कामाला ती धारेपासून मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी मागे ठेवा. उलट्या रेघांचं लाकूड उपटत असेल तर आणखी पुढे घ्या, कारण छिलका लगेच वाकून मोडतो आणि पुढचा तंतू उचलायला त्याच्यात जोर उरत नाही.

लिव्हर कॅपचा, म्हणजे पात्यांना वरून दाबून धरणाऱ्या झाकणाचा, स्क्रू फार आवळू नका, चाक जड होतं. ही सगळी रचना लिओनार्ड बेली या अमेरिकन कारागिराची. त्याचे हक्क स्टॅन्ली कंपनीनं १८६९ मध्ये घेतले, आणि आज बाजारातले बहुतेक लोखंडी रंधे त्याच ठेवणीचे आहेत.

घरी आज्याचा लाकडी रंधा असेल तर त्यालाही हात लावून पाहा. चाक नाही, स्क्रू नाही, पातं पाचरेवर धरलेलं. पात्याच्या डोक्यावर हलकी टिचकी दिली की ते खाली येतं, ठोकळ्याच्या मागच्या टोकाला मोगरी (लाकडी हातोडा) मारली की सैल होतं.

प्रश्न : बाबांच्या जुन्या करवतीचे दाते मुठीकडे झुकलेले हायत, बाजारातलीचे टोकाकडे. जुनी कोणी उलटी घासली का? (उमरखेड)

नाही हो, ती ओढून कापायची करवत आहे. आपले सुतार खाली बसून लाकूड पायानं धरत, त्या बैठकीत जोर ओढण्यातच येतो. ओढताना पातं ताणलेलं राहतं, म्हणून ते पातळ असलं तरी चालतं. टोकाकडे दाते असलेली करवत ढकलायची. धार लावताना जुन्या करवतीचा झुकाव बदलू नका.

प्रश्न : पटाशीची मूठ वरून फाटते. (भिवापूर)

हातोडीनं मारत असाल, मोगरी घ्या. खाली, पात्याचं शेपूट मुठीत शिरतं तिथे, लोखंडी साम, म्हणजे कडं, असतेच. सालं, म्हणजे जोडाच्या खाचा, पाडायला जोरात ठोकायची असेल तर मुठीच्या माथ्यालाही एक साम बसवून घ्या, आणि माथा तिच्या वर दोन-तीन मिलिमीटर राहू द्या, म्हणजे घाव लाकडावर पडेल, कड्यावर नाही.