गारठ्याचे आठवडे मोजणारा कांदा

बागेचे प्रश्न

प्रश्न : मागच्या नोव्हेंबरात ट्यूलिपचे दहा कंद ऑनलाइन मागवले आणि आले त्याच दिवशी गच्चीवरच्या कुंड्यांत लावले. पानं छान आली. फुलं मात्र पानांच्या बेचक्यातच, जमिनीलगत उमलली, तीही तीनच. बाकीच्या कळ्या वाळून गेल्या. खत कमी पडलं का? (प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : खताचा यात काही दोष नाही. चांगला कंद तुमच्या हातात येतो तेव्हा फूल त्याच्या पोटात तयारच असतं. खात्री करायची असेल तर एक कंद बळी द्या. तपकिरी साल काढून तो शेंड्यापासून बुडापर्यंत उभा चिरा. पांढऱ्या गराच्या मधोमध फिकट हिरवी इवलीशी कळी दिसेल आणि भिंगातून पाहिलं तर तिच्यातले सहा पुंकेसरही मोजता येतील. प्रश्न उरतो तो देठ लांब होण्याचा, आणि त्यासाठी कंदाला सलग गारठा लागतो. ट्यूलिपला २ ते ९ अंश सेल्सिअसमध्ये १२ ते १६ आठवडे काढावे लागतात. या काळात साठवलेल्या स्टार्चची साखर होते आणि देठाच्या पेशी ताणल्या जाण्याची तयारी होते. आठवडे कमी पडले की फूल पानांतच अडकून बसतं. तुमच्याकडे नेमकं हेच झालं.

नागपूरची थंडी बोचरी असली तरी ट्यूलिपच्या हिशेबात ती बसत नाही. डिसेंबर-जानेवारीत एखादा आठवडा रात्रीचा पारा ८-१० अंशांवर येतो खरा, पण दुपारी तो पुन्हा २७-२८. श्रीनगरच्या ट्यूलिप बागेत हे काम काश्मीरचा हिवाळाच करतो, म्हणून तिथे मार्चअखेर ताटवे फुलतात. दिल्लीत शांतिपथावर फेब्रुवारीत दिसणारे ट्यूलिप नेदरलँड्सहून आणलेल्या कंदांचे असतात. आपल्याकडे हिवाळा फ्रिजातच करावा लागतो.

यंदा दिवस उलटे मोजा. नागपुरात ट्यूलिप फुलवायला सोयीचा काळ म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. त्यानंतर दुपारचं ऊन फूल दोन दिवसांत उघडून टाकतं. कुंडीत लावल्यापासून फुलाला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे लावणी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हवी आणि कंद फ्रिजात जायला हवेत सप्टेंबरअखेर. विक्रेत्याकडे तेव्हा माल नसेल तर 'प्री-चिल्ड' कंद मागा, आणि किती आठवडे थंड केलेत ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका. १२ सेंमी किंवा त्याहून जास्त घेर असलेले, दाबून टणक लागणारे कंद निवडा. सालीवर निळसर बुरशीचा ठिपका असला तर कोरड्या फडक्याने पुसून टाका, त्याने बिघडत नाही. बूड मऊ लागलं किंवा आंबूस वास आला तर मात्र तो कंद फेकाच, शेजारचेही सडवेल.

लावताना आठ इंची मातीच्या कुंडीत सहा-सात कंद बसतात. गच्चीवरच्या बागांत सर्रास वापरली जाणारी काळी माती नुसती घेऊ नका. ती पाणी धरून ठेवते आणि कंदाचं बूड कुजतं. एक भाग माती, एक भाग धुतलेली जाड रेती, एक भाग कोकोपीट आणि मूठभर जुनं शेणखत एवढं पुरे. कंदाची एक बाजू चपटी असते, ती कुंडीच्या काठाकडे ठेवा. पहिलं मोठं पान त्याच बाजूने निघतं, त्यामुळे पानं बाहेर झुकतात आणि फुलं मधोमध राहतात. शेंड्यावर दोन इंच माती पुरते. एकदा भरपूर पाणी द्या, मग वरची अर्धा इंच माती सुकल्यावरच.

पहिले दोन आठवडे कुंडी अंधाऱ्या, गार जागी हवी, कारण आधी मुळं धरायला हवीत. घरात जुना फ्रिज पडून असेल तर गारठ्याच्या आठवड्यांपैकी शेवटचे तीन आठवडे कंद कुंडीसकट त्यातच ठेवणं सगळ्यात उत्तम. नसेल तर मोठ्या कुंडीत ओली रेती भरून तिच्यात ही कुंडी बसवा. माठासारखाच गारवा मिळतो. कोंब दोन इंच झाले की सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी हिरवी जाळी.

प्रश्न : मी कंद पूर्ण चौदा आठवडे फ्रिजात ठेवले होते, तरी कळ्या आतच वाळल्या. फ्रिजात संत्री होती. त्यांचा परिणाम होतो का? (धरमपेठ, नागपूर)

उत्तर : संत्र्यावर ठपका ठेवण्याआधी बाकीचा फ्रिज आठवा. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि तो कंदातली कळी मारतो. बाहेरून कंद धडधाकट दिसतो. चिरला की आतली कळी तपकिरी, कागदासारखी वाळलेली निघते. सफरचंद, केळी, पेरू, टोमॅटो ही त्यातली नेहमीची मंडळी. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्या फ्रिजात सीताफळं असतात, तीही याच गटातली. चांगलं संत्रं हा वायू फार कमी सोडतं, पण बुरशी लागलेलं संत्रं भरपूर सोडतं. पिशवीच्या तळाशी एखादं हिरवट पडलेलं राहून गेलं असेल तर तेही निमित्त होऊ शकतं.

फळं दुसरीकडे हलवता येत नसतील तर घरच्या फ्रिजात ट्यूलिप करूच नका. कंद कागदी किंवा जाळीच्या पिशवीत ठेवा. घट्ट बांधलेल्या प्लास्टिकमध्ये घाम धरून ते सडतात. फ्रीझरच्या तोंडाशी ठेवले तर गोठतात आणि मग पिलपिले होतात. दर पंधरा दिवसांनी हाताने चाचपून पाहा.

आणखी एक. पिशवीवर ठळक अक्षरांत 'खायचे नाहीत' असं लिहा. नर्गिसाचा (डॅफोडिलच्या कुळातल्या फुलाचा) कंद आणि स्वयंपाकातला कांदा यांत घाईच्या वेळी फरक कळत नाही, आणि तो कंद विषारी असतो. हायसिंथचे कंद हाताळताना हातमोजे घाला, त्यांच्या सालीने खाज सुटते.

प्रश्न : मुलीने टोरांटोत घर घेतलं. मार्चमध्ये वितळत्या बर्फातून पांढरी फुलं वर आलेली तिने फोनवर दाखवली. आता पुन्हा बर्फ पडलं आणि फुलं आडवी झाली. ती झाकायची का? वाफ्यात जुन्या पानांचा थर आहे, तो काढायचा का? मी ५ मेला जाणार आहे, तोवर काही उरेल का? (मनीषनगर, नागपूर)

उत्तर : ती पांढरी, मान खाली घातलेली फुलं बहुधा स्नोड्रॉपची. कडक थंडीत ती लोळतात आणि ऊन चढलं की पुन्हा उभी राहतात. झाकायची गरज नाही, वरचं बर्फही ओरबाडू नये. त्यांच्या मागोमाग क्रोकस आणि निळी सिला येते, मग डॅफोडिल, मग ट्यूलिप. तुम्ही पोचाल तेव्हा स्नोड्रॉप आणि क्रोकस संपलेले असतील, ट्यूलिप मात्र भरात असतील. सवड काढून ऑटवाला जा. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्सच्या राजकन्या युलियाना यांना तिथे आसरा मिळाला होता. त्याची आठवण म्हणून १९४५ मध्ये डचांनी एक लाख कंद पाठवले. तिथला ट्यूलिप महोत्सव मे महिन्यातच असतो.

पानांचा थर एकदम काढू नये. कोंब इंचभर दिसू लागले की हाताने थोडा थोडा बाजूला करायचा, कारण दाताळ्याने कोंबांचे शेंडे तुटतात. माती चिखलासारखी असताना वाफ्यात पाय ठेवू नये. आत जावंच लागलं तर फळी टाकून तिच्यावर उभं राहावं. नाहीतर माती दाबली जाते आणि मुळांना हवा मिळत नाही.

सगळ्यात मोठी चूक फुलं ओसरल्यावर होते. ट्यूलिपचं सुकलेलं फूल खुडायचं, पण पानं पिवळी पडेपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, तशीच ठेवायची. पुढच्या वर्षीचं फूल ही पानंच भरतात. ती वेंधळी दिसतात म्हणून कापायची किंवा वेणी घालून बांधायची हौस नको. क्रोकस हिरवळीत असतील तर तोवर तिथे गवत कापायचं यंत्रही फिरवू नये. स्नोड्रॉपचे गड्डे दाट झाले असतील तर फुलं संपताच, पानं हिरवी असतानाच वेगळे करून लगेच लावावेत. वाळलेले कंद नीट धरत नाहीत.

नवे कंद ऑक्टोबरात लावायचे. ट्यूलिप १५ ते २० सेंमी खोल, क्रोकस ७-८ सेंमी. खारी हे दोन्ही उकरून खातात, तेव्हा वर कोंबडीजाळी अंथरून तिच्यावर माती टाकावी. डॅफोडिलला खारी तोंड लावत नाहीत.

प्रश्न : फुलून गेलेले ट्यूलिपचे कंद पुढच्या वर्षी वापरता येतील? नाहीतर नागपुरात दरवर्षी आपसूक येणारं असं कुठलं कंदफूल आहे? (त्रिमूर्तीनगर, नागपूर)

उत्तर : ट्यूलिपचे कंद ठेवू नका. त्यांना फुलानंतर सहा आठवडे गार वसंत लागतो. आपल्याकडे मार्चच्या उन्हात पानं पंधरा दिवसांत करपतात आणि कंद लसणाच्या पाकळीएवढे उरतात. ट्यूलिप हा नागपुरात एका वेळेचा खर्च समजावा.

दरवर्षी फुलणारी हवी असेल तर नर्सरीत 'अमरिलिस लिली' म्हणून मिळते ती लाल-केशरी, भोंग्यासारख्या फुलांची लिली घ्या. तिला गारठा नको, कोरडी विश्रांती हवी. नोव्हेंबरअखेर पाणी तोडा आणि कुंडी छज्जाखाली सरकवा. फेब्रुवारीच्या मध्यावर वरची दोन इंच माती खरवडून नवी माती-गांडूळखत भरा. कंदाचा वरचा तिसरा हिस्सा उघडाच राहायला हवा. एकदा पाणी द्या, मग कोंब दिसेपर्यंत हात आखडता ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये दांडा वर येतो. त्याला दुपारची सावली द्या, नाहीतर पाकळ्यांच्या कडा भाजतात.

पानं भरपूर आणि फूल नाही, ही तक्रार तीन कारणांनी येते : कंद खोल पुरलेला असतो, कुंडी फार मोठी असते किंवा हिवाळ्यातही पाणी चालू असतं. कुंडी कंदापेक्षा दोन-तीन इंचच रुंद हवी. साधारण दर चार पानांमागे आत एक कळी तयार होते, म्हणून पावसाळ्यात पानं जपा. याच दिवसांत तिच्यावर पांढऱ्या ठिपक्यांची काळी अळी पडते आणि दोन रात्रींत पानं खाऊन थेट कंदाच्या मानेत शिरते. संध्याकाळी पान उलटून बघा, खालच्या बाजूला अंड्यांचा पुंजका दिसला तर पानाचा तेवढा तुकडा कापून साबणाच्या पाण्यात बुडवा.