प्रबोधन: जागा झालेला गंध

सोलापुरातून आलेला प्रश्न असा: लोककलांच्या महोत्सवाच्या फलकावर 'सांस्कृतिक पुनर्जीवन' लिहावं, 'पुनरुज्जीवन' लिहावं की 'प्रबोधन'? आणि युरोपातल्या रेनेसाँसला, म्हणजे मध्ययुगानंतरच्या विद्या-कलांच्या बहराला, यांतला कोणता शब्द नेमका?

'पुनर्जीवन' आधी खोडा. त्यातला 'उद्' गळाला, म्हणजे वर उठणंच गेलं. पुनर् + उद् + जीवन; पुढच्या 'ज'मुळे 'द्'चा 'ज्' होतो, म्हणून 'ज्ज' जोडाक्षर हवंच. आणि 'उद्'मधला उकार ऱ्हस्व, म्हणून 'रु' ऱ्हस्व. 'पुनरूज्जीवन' आणि 'पुनरुजीवन' ही दोन्ही रूपं चूक, कितीही मोठ्या अक्षरांत छापली तरी. बंद पडलेली कला, आटलेला तलाव, मोडीत निघालेली संस्था यांचं पुनरुज्जीवन होतं. तिथे हा शब्द चोख आहे.

रेनेसाँसला मात्र तो लावू नये. फ्रेंच शब्दाचा अर्थ 'पुन्हा जन्म' आहे, म्हणून काही कोशकार 'पुनरुज्जीवन' पहिल्या क्रमांकावर ठेवतात. हा अवयवांचा अनुवाद झाला, अर्थाचा नव्हे. मराठीत 'पुनरुज्जीवनवादी' म्हणजे जुनं होतं तसं परत आणू पाहणारा, सुधारकाच्या समोरच्या बाकावरचा माणूस. इटलीतल्या लोकांनी ग्रीक-रोमन विद्या उघडली ती मागे जाण्यासाठी नव्हे. 'पुनर्जन्म' तर आपल्याकडे आत्म्याच्या फेऱ्यात अडकलेला. त्यात जुना देह टाकावाच लागतो. म्हणून शालेय इतिहासात 'प्रबोधन' आलं, ते योग्यच.

आता या शब्दातली खरी मौज. 'बुध्' म्हणजे जागं होणं, हे सगळे सांगतात. आषाढी एकादशीला झोपलेला विष्णू कार्तिकीला उठतो म्हणून ती 'प्रबोधिनी', हे पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथे सांगायला नको. फूल उमलणं हाही प्रबोधच. पण संस्कृत कोशांत आणखी एक अर्थ कोपऱ्यात पडलेला असतो: सुगंधी द्रव्याचा मावळलेला गंध पुन्हा जागवणं. ही गंध्यांची परिभाषा आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचा, म्हणजे सुगंध बनवण्याच्या कलेचा, अध्याय आहे. त्यात 'पारिजात' नावाची मिश्रणं सांगितली आहेत, ती जायफळ, कस्तुरी आणि कापूर यांनी 'बोधित' करायची आणि वर आंब्याचा रस नि मध शिंपडायचा. म्हणजे मूळ द्रव्य तेच राहतं, बाहेरचं थोडं तीव्र द्रव्य त्यात पडतं आणि आतला गंध उठतो. रेनेसाँसचं याहून नेमकं वर्णन दुसऱ्या कुठल्या शब्दात सापडत नाही. ग्रीक हस्तलिखितं हा तिथला कापूर! शब्द रुजवणाऱ्यांच्या मनात हा अर्थ होता असा दावा नाही. पण शब्दाच्या पोटात तो आहे आणि 'पुनरुज्जीवना'च्या पोटात नाही, एवढं माझ्या मते पुरेसं आहे.

म्हणूनच 'हेल्मेट न घालणाऱ्यांचे प्रबोधन करण्यात आले' असल्या बातम्या वाचून चीड येते. त्याला 'समज दिली' म्हणतात. दुसऱ्याला जागं करणं हा अर्थ शब्दात आहेच. 1921 साली केशव सीताराम ठाकरे यांनी आपल्या पाक्षिकाला 'प्रबोधन' नाव दिलं ते त्याच अर्थानं. पण तिथे अख्खा समाज जागा करायचा होता, चौकातला दुचाकीस्वार नव्हे. समाजाचं, काळाचं प्रबोधन होतं. एकेका माणसाला सूचना, समज, माहिती दिली जाते.

'नवजागरण' हिंदीतून येतं. समजतं, पण मराठीत 'जागरण' म्हटलं की आधी खंडोबाचा वाघ्या-मुरळीचा फड डोळ्यांपुढे येतो. सोलापुरात कानडी घराघरांत आहे, तर तिकडचा 'नवोदय' पाहा: विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या कन्नड साहित्याच्या बहराला हेच नाव आहे. मराठीत तो 'नवोदित'च्या फार जवळ जातो, एरवी घेण्यासारखा होता.

'प्रबोधन' हाच शब्द युरोपातल्या अठराव्या शतकातल्या बुद्धिवादी चळवळीलाही वापरतात, म्हणून तो संदिग्ध आहे, असा आक्षेप अभ्यासक घेतात. आक्षेप खरा, पण त्यासाठी 'पुनरुज्जीवना'कडे पळायचं कारण नाही. त्या चळवळीला 'ज्ञानोदय' म्हणावं. तो शब्द तयारच आहे.