प्रेस्टीज, स्टेटस, रेप्युटेशन, स्टँडिंग... शब्दकोशात सगळ्यांपुढे ‘प्रतिष्ठा’च लिहिलेलं असतं. मग इंग्रजीत कुठला शब्द कधी वापरायचा, असं तुम्ही विचारलंय.

या खड्ड्यात मीही पडलोय. भाषांतराची कामं नुकतीच सुरू केली होती. एका संस्थेच्या निमंत्रणपत्रिकेत पाहुण्यांना ‘प्रतिष्ठित विचारवंत’ म्हटलं होतं, त्याचं मी बेधडक ‘प्रेस्टीजियस थिंकर’ करून टाकलं. तपासणाऱ्या बाईंनी त्यावर पेन्सिलीने गोल काढला आणि समासात लिहिलं, ‘पुरस्कार प्रेस्टीजियस असतो, तो घेणारा नव्हे.’ खरंच, इंग्रजीत हे विशेषण सहसा पद, पारितोषिक, विद्यापीठ यांनाच लागतं. माणसाला एमिनंट किंवा डिस्टिंग्विश्ड म्हणावं, आणि फार विचार करायचा नसेल तर सरळ रिस्पेक्टेड.

तेव्हापासून शब्द निवडण्याआधी मी स्वतःला एकच विचारतो: ही प्रतिष्ठा राहते कुठे? खुर्चीत, माणसात, की बघणाऱ्याच्या डोळ्यांत?

प्रेस्टीज राहते डोळ्यांत. आपल्याला हा शब्द ऐकून आधी कुकर आठवतो ते सोडा, पण त्याचं मूळ मजेशीर आहे. लॅटिनमध्ये ‘प्रेस्टिजिए’ म्हणजे जादूगाराचे खेळ, हातचलाखी. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, नजरबंदी. १७व्या शतकात इंग्रजीत आला तेव्हाही ‘प्रेस्टीज’चा अर्थ भ्रम, फसवणूक असाच होता. लोकांना दिपवून टाकणारा दबदबा हा आजचा अर्थ १९व्या शतकातला, आणि सुरुवातीला तो वापरला गेला नेपोलियनबद्दल. म्हणजे शिवी होती, ती कौतुक झाली. ‘ग्लॅमर’ची गोष्टही अशीच. तो ‘ग्रामर’चाच स्कॉटलंडमध्ये वळण बदललेला भाऊ. पोथ्या वाचणाऱ्याला मंत्रतंत्र येत असणार असा लोकांचा समज, त्यातून ग्लॅमर म्हणजे डोळ्यांवर टाकलेली मोहिनी. व्याकरणाचे तास आठवले तर विश्वास बसत नाही, पण व्युत्पत्ती खरी आहे.

खुर्चीतली प्रतिष्ठा म्हणजे ‘स्टेटस’ आणि ‘रँक’. रँक म्हणजे हुद्दा, तो कागदावर असतो. स्टेटस म्हणजे उतरंडीतली जागा, मग ती वरची असो की खालची. म्हणून ‘त्यांना स्टेटस आहे’ हे आपलं वाक्य इंग्रजीत नेताना ‘हाय स्टेटस’ म्हटलेलं बरं. फॉर्मवरच्या ‘मॅरिटल स्टेटस’मध्ये कुठे काय प्रतिष्ठा असते? गंमत म्हणजे स्टेटस आणि स्टँडिंग हे दोन्ही शब्द ‘उभं राहणं’ या अर्थाच्या धातूवरून आले, आणि आपल्या प्रतिष्ठेत दडलेला संस्कृत ‘स्था’ हाही त्याच कुळातला. लांबचे का होईना, चुलतभाऊच.

‘स्टँडिंग’ मात्र खुर्ची गेल्यावरही राहू शकतं, कारण ते बरोबरीच्या लोकांनी दिलेलं असतं. गावात, वकिलांमध्ये, डॉक्टरांमध्ये तुमचा शब्द किती चालतो ते. मराठीत मला त्याच्या सगळ्यात जवळ ‘पत’ वाटते, अगदी पतपेढीतली. ‘मेंबर इन गुड स्टँडिंग’ म्हणजे ज्याची वर्गणी थकलेली नाही आणि ज्याच्यावर कारवाई चालू नाही असा सभासद. यात थोरपणा वगैरे काही नाही.

सगळ्यात जास्त फसवतो तो ‘रेप्युटेशन’. मराठीत ‘त्या डॉक्टरांचं नाव आहे’ म्हटलं की ते चांगलंच असतं, वाईट असेल तर आपण ‘नाव खराब आहे’ असं वेगळं सांगतो. इंग्रजीत उलटं. ‘ही हॅज अ रेप्युटेशन’ एवढंच बोलून समोरचा गप्प बसला, तर बहुतेक वेळा काहीतरी पाणी मुरतंय. चांगलं म्हणायचं असेल तर गुड, सॉलिड असं काहीतरी पुढे जोडा.

‘क्लाउट’ला प्रतिष्ठा म्हणूच नका. ते आहे वजन, वट. साहेबांकडे ज्याचं वजन असतं त्याला लोक मान देतातच असं नाही, पण काम त्याच्याकडूनच होतं. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ कापडाचं ठिगळ, मग तडाखा, आणि राजकीय वजन हा अर्थ २०व्या शतकातल्या अमेरिकेतला. ‘स्टेचर’ म्हणजे अंगाची उंची, त्यावरून कर्तृत्वाची. ती वर्षानुवर्षं कमवावी लागते, त्यामुळे तिशीतल्या माणसाला हा शब्द लावताना जपून.

‘पॉश’बद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण तो आपण वेगळ्याच अर्थाने घेतलाय. आपल्याकडे पॉश म्हणजे चकचकीत, महागडं: पॉश फ्लॅट, पॉश हॉटेल. ब्रिटनमध्ये माणसाला पॉश म्हटलं तर त्याचे उच्चार, शाळा, घराणं सगळं त्यात आलं, आणि बऱ्याचदा स्वर टोमण्याचा. नवश्रीमंताला हा शब्द मिळेलच असं नाही. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ ही व्युत्पत्ती तुम्ही ऐकली असेल: मुंबईकडे येताना बोटीची डावी बाजू सावलीत, परतताना उजवी, आणि श्रीमंतांच्या तिकिटावर ही अक्षरं. गोष्ट झकास आहे, पण तसं तिकीट कुणालाही सापडलेलं नाही. आणि आपलं ‘ते फार स्टँडर्ड लोक आहेत’ तर इंग्रजांना उलटंच कळेल. त्यांच्या स्टँडर्ड खोलीत सगळ्यात कमी सोयी असतात.

राहिला ‘प्रेस्टीज इश्यू’. हा आपल्याकडचा माल. परदेशी माणसाला मेल लिहिताना ‘मॅटर ऑफ प्राइड’ लिहा.

अब्रू आणि इज्जत तुम्ही विचारलेली नाही, पण कधीतरी अडाल. ‘ऑनर’ लिहिलं की लढाई, शपथ, पदकं असा जड वास येतो. चारचौघांत अब्रू जाणं, अब्रू राखणं यासाठी मी ‘लूज फेस’, ‘सेव्ह फेस’ वापरतो. हे इंग्रजीने १९व्या शतकात चिनीवरून उचललं, आणि आपली अब्रू फारसीतून आली: आब म्हणजे पाणी, तेज, आणि रू म्हणजे चेहरा.