अडसर त्या काळानेच घालावा

ऐतिहासिक प्रेमकादंबरी लिहायला घेताना पोशाख-दागिन्यांची टिपणे काढण्याआधी त्या काळचे विवाहविषयक कायदे वाचावेत, असे मी सुचवेन. कारण नायक-नायिकेतला खरा अडसर बहुधा तिथेच सापडतो. इंग्लंडमध्ये १७५३ च्या विवाह कायद्याने २१ वर्षांखालील मुलामुलींना पालकांच्या संमतीविना परवाना काढून लग्न करणे बंद केले. स्कॉटलंडला मात्र तो लागू नसल्याने प्रेमिकांच्या बग्ग्या सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीनकडे धावू लागल्या. कथानक आयतेच मिळाले की! पत्रांचेही तसेच. १८४० पूर्वी तिथे टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणाऱ्यालाच मोजावे लागत. तेव्हा नायिकेचे प्रेमपत्र आधी घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नजरेस पडू शकते, हे धरूनच प्रसंग रचावा. एवढे पक्के झाल्याशिवाय मी संवादांना हात लावत नाही.